अण्णांना विचारून

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दिवसभर पुन्हा पुन्हा एकच हाक येते: ‘पेशंटचे नातेवाईक कोण आहेत?’ रुग्णालय सरकारी असो की खासगी, हाक तीच. फाईल नातेवाइकाच्या हातात, औषधांची चिठ्ठी त्याच्याच हातात, सही त्याची आणि प्रश्नही त्यालाच. पेशंट म्हातारा असेल तर बोलायलाच नको. खाटेशी उभे राहून डॉक्टर मुलाला विचारतात, ‘यांना शुगर आहे का? रात्री झोप लागली का यांना?’ आणि ज्याची शुगर, ज्याची झोप, तो माणूस एकदा डॉक्टरांच्या आणि एकदा मुलाच्या तोंडाकडे बघत राहतो.

यामागे माया असते आणि घाईही असते. म्हाताऱ्या जिवाला कशाला घाबरवायचं, असं घरच्यांना वाटतं. बाहेर एवढी माणसं खोळंबलेली असताना तेच तेच दोनदा कुठे समजावत बसायचं, असं डॉक्टरांना वाटतं. दोन्ही समजण्यासारखं आहे. तरीही आईवडिलांच्या ऑपरेशनला सोबत गेलेल्या मुलाचं किंवा मुलीचं पहिलं काम पैसे भरणं किंवा औषधांसाठी जिने चढणं-उतरणं हे नव्हे. ज्यांच्या अंगावर सुरी चालणार आहे त्यांच्यापर्यंत प्रत्येक प्रश्न पोचतोय ना, हे बघणं हे ते काम. बाकीची धावपळ भाऊ, जावई, शेजारी कुणीही करू शकतं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीवर हा दिवस पावसाळ्यात आला. तिचे वडील, अण्णा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ७८. पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि उजव्या कुशीवर पडले. उठता येईना. पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं. गावातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं: खुब्याचं हाड. ॲम्ब्युलन्सने दुपारपर्यंत पुणे गाठलं.

या हाडाला सवड देता येत नाही. वयस्क माणसाचा खुबा मोडला तर ऑपरेशन शक्यतो ३६ ते ४८ तासांच्या आत उरकावं, असा अस्थिरोगतज्ज्ञांचा आग्रह असतो. भीती मोडलेल्या हाडाची कमी आणि अंथरुणाची जास्त. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून तपासण्या, छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी, फिजिशियनचा होकार हे सगळं संध्याकाळपर्यंत उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरली.

सर्जननी मुलीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. एक्स-रे उजेडाकडे धरून त्यांनी नीट समजावलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मानेपाशी तुटून सरकला आहे. या वयात तो जोडायला गेलं तर त्याला होणारा रक्तपुरवठा तुटलेला असल्याने सांधत नाही. त्यापेक्षा तो काढून तिथे धातूचा गोळा बसवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहता येतं. माणूस सज्जन, बोलणंही मोकळं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, ‘डॉक्टर, हेच अण्णांना सांगाल का? मी त्यांच्या कानातलं मशीन लावते.’

अण्णांना कमी ऐकू येतं. पहाटेच्या गडबडीत मशीन कुणीतरी रुमालात बांधून पिशवीत टाकलं होतं. दवाखान्यात आल्यापासून ते माना डोलावत होते आणि सगळ्यांना वाटत होतं की त्यांना कळतंय. आता मशीन कानात बसलं, चष्मा नाकावर आला. सर्जन खाटेच्या कडेला बसले. आणि अण्णांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की जो मुलीला सुचला नव्हता, तिच्या भावाला सुचला नव्हता:

‘मांडी घालून बसता येईल का?’

नाही, सर्जन म्हणाले. मांडी नाही, उकिडवं बसणं नाही. खुबा फार वाकला तर बसवलेला गोळा जागेवरून निसटू शकतो. खुर्चीवर बसायचं, उंच कॉटवर झोपायचं. आणि कमोड लागेल.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. गावच्या घरी संडास खाली बसायचा. जेवण पाटावर. संध्याकाळी देवळात हरिपाठाला सतरंजी. आयुष्याची सगळी बैठकच जमिनीलगतची. व्हरांड्यात एक्स-रे बघून मुलीने ‘हो’ म्हटलं असतं, तर यातलं काहीही तिच्या ध्यानात आलं नसतं. ऑपरेशन तरीही तेच झालं असतं, हे खरं. पण ते अण्णांवर होणं आणि अण्णांनी करून घेणं यात फार अंतर आहे.

संमतिपत्राचंही तसंच. रात्री नऊच्या सुमाराला एक शिकाऊ डॉक्टर फाईल घेऊन आला, तीन ठिकाणी फुल्या मारलेल्या. ‘ताई, इथे, इथे आणि इथे.’ मजकूर इंग्रजीत. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलं आहे की कायदा याहून वेगळं सांगतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालातलं प्रकरण मुद्दाम आठवावं असं आहे. एका सज्ञान स्त्रीला फक्त तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलीत असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि तिचं गर्भाशय नि बीजकोश काढण्यात आले. जिवावर बेतलेलं नव्हतं, थांबता आलं असतं. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पेशंट सज्ञान असेल, निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल आणि प्राण वाचवण्याची निकड नसेल, तर जवळच्या नातेवाइकाची संमती ही संमती नव्हे, मग ती आईची का असेना. आईची सही लेकीसाठी चालत नाही, तर लेकीची बापासाठी कशी चालेल?

मुलीने कागद घेतले आणि मराठीत सांगत सांगत अण्णांना वाचून दाखवले. रक्त द्यावं लागू शकतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. हृदयावर ताण येऊ शकतो. पायाची लांबी थोडी कमी-जास्त होऊ शकते. प्रत्येक वाक्यापाशी अण्णा थांबवत होते, शंका विचारत होते. शिकाऊ डॉक्टरही मग थांबला, त्याने उत्तरं दिली, भीड सोडून बोलायला लागला. शेवटी अण्णांनी पेन मागितलं. सलाईन उजव्या हाताला, तरी सही ठसठशीत केली, खाली तारीख, तारखेखाली रेघ. मुलीने साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. तिची जागा तीच होती.

आईवडिलांना मनातलं विचारणं मात्र फॉर्मपेक्षा अवघड. मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते अवघड जातं. सुझन ब्लॉक या अमेरिकेतल्या उपशामक उपचारांच्या नामवंत तज्ज्ञ. मरणाच्या दारातल्या माणसांशी कसं बोलावं, हे त्या इतरांना शिकवतात. त्यांचे वडील जॅक ब्लॉक बर्कलीला मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. ७४ व्या वर्षी त्यांच्या मानेत, मज्जारज्जूत गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सुझन वडिलांपाशी बसल्या, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि निघाल्या. वाटेत पुलावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वडिलांना नेमकं काय हवंय हे आपण विचारलेलंच नाही. गाडी वळवून त्या परत गेल्या आणि कसंबसं विचारलं. प्राध्यापक महाशयांचं उत्तर ऐकून त्या चकित झाल्या: चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर मला जगायचं आहे. ऑपरेशननंतर मज्जारज्जूत रक्तस्राव झाला. पुन्हा उघडायचं की नाही हे ठरवायला सर्जननी मुलीला तीन मिनिटं दिली. तिने एवढंच विचारलं, जगले तर त्यांना चॉकलेट आइस्क्रीम खाता येईल का आणि टीव्हीवर फुटबॉल बघता येईल का? येईल म्हणाले. मग करा, ती म्हणाली. त्यानंतर जॅक ब्लॉक दहा वर्षं जगले.

ही हकीकत सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात सांगितली आहे. त्याच पुस्तकात त्यांच्या वडिलांची हकीकत आहे आणि ती आपल्याला अधिक जवळची, कारण आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अथेन्स नावाच्या लहान गावी त्यांनी मूत्ररोग-शल्यविशारद म्हणून आयुष्य काढलं, पण गावाकडची ओढ सुटली नाही. उमरखेडच्या महाविद्यालयाला त्यांच्या आईचं, गोपिकाबाईंचं नाव आहे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्याही मज्जारज्जूत, मानेपाशी गाठ सापडली. दोन सर्जनना ते भेटले. एकाने लगेच ऑपरेशन सुचवलं आणि फार प्रश्न विचारलेले त्याला रुचले नाहीत. दुसऱ्याने, क्लीव्हलँड क्लिनिकच्या एडवर्ड बेन्झेल यांनी, प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि घाई नाही असं सांगितलं. स्वतः सर्जन असलेल्या आत्माराम गावंडे यांनी प्रश्न ऐकून घेणारा माणूस निवडला.

काही वर्षांनी ऑपरेशनची वेळ आली. मुलाने आधी विचारून ठेवलं होतं: तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची? उत्तर मिळालं होतं ते असं की मरणापेक्षा हातपाय लुळे पडून राहण्याची. ऑपरेशन सुरू होऊन तासभर होतो न होतो तोच हृदयाचे ठोके बिघडले आणि बेन्झेल बाहेर आले. थांबायचं की पुढे जायचं? आता वडिलांना विचारायची सोय नव्हती. पण वडिलांनी सांगून ठेवलेलं होतं. मुलाने विचारलं, येत्या काही महिन्यांत ते लुळे पडण्याचा धोका कशात जास्त, थांबण्यात की पुढे जाण्यात? थांबण्यात, बेन्झेल म्हणाले. मग पुढे जा, असं घरच्यांनी सांगितलं. निर्णय मुलाच्या तोंडून निघाला, तरी तो वडिलांचा होता.

आपल्या घरांत हे विचारायला जीभ रेटत नाही. अभद्र बोलू नये, असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. मुलीलाही रेटली नाही. दिवे मंद झाल्यावर, शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरायला लागल्यावर तिने अण्णांच्या कानाशी वाकून विचारलं, ‘अण्णा, उद्यानंतर काय काय जमलं पाहिजे तुम्हाला?’ एवढ्या आडवळणाने विचारूनही मास्तरांना प्रश्न कळला. ‘न्हाणीत आणि देवळात माझं मी गेलो पाहिजे. बास. कुणी उचलून न्यायचं असेल तर नको. आणि नळ्या लावून ठेवू नका मला, पोरी.’ सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने अशा इच्छेला कायद्याची मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती लिहून ठेवता येते. त्या रात्री लिहिणं झालं नाही. पण मुलीला ठाऊक झालं, आणि फोनवर भावालाही.

सकाळ उजाडली ती चहावाचून. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून हे पथ्य. पण भूलशास्त्राचे आजचे दंडक इतके कडक नाहीत: हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा दुधात जमा, कोरा चहा पाण्यात. आठची वेळ होती, पण पहाटे अपघाताचा पेशंट आला आणि अण्णांचा नंबर अकराच्या पुढे गेला. कोणी सांगितलं नाही तर म्हातारा माणूस अशा वेळी बारा-चौदा तास कोरडा राहतो, रक्तदाब उतरतो, जीभ टाळ्याला चिकटते. मुलीने राऊंडला आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि नऊपर्यंत पाणी द्यायला सांगितलं. अण्णांनी कोरा चहा मागितला. मिळाला.

मग अंगावरचं उतरवणं. करगोटा, गळ्यातली तुळशीची माळ, उजव्या हातातली तांब्याची अंगठी. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला वापरतात ते कॉटरीचं यंत्र विजेवर चालतं, धातू अंगाला लागून भाजू शकतं, म्हणून धातू काढतात. अंगठी निघेना. बोट सुजलेलं. वॉर्डातल्या मावशींनी साबणाचं पाणी आणलं, मग शिवणाचा दोरा मागितला. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून ओढून घेतलं, उरलेला दोरा पेराच्या पुढे घट्ट वेटोळे घालत नेला आणि अंगठीखालचं टोक धरून सावकाश उलगडत गेल्या. एकेका वेढ्यासरशी अंगठी पुढे सरकत आली आणि बोटाला ओरखडाही न येता सुटली. मावशींनी ती मुलीच्या हातात न देता अण्णांच्या तळव्यावर ठेवली. ‘बाबा, बघा, आहे नीट. आता द्या ताईकडे.’ त्या मावशींना कुठल्या निकालाची माहिती असण्याचं कारण नव्हतं.

दातांची कवळी डब्यात गेली. मशीनही डब्यात जाणार होतं. इथे मुलगी अडून बसली. मणक्यात सुई देऊन कमरेखाली भूल द्यायची होती; माणूस जागा असतो, त्याला कूस वळवायला, पाठ वाकवायला, हलू नको म्हणून सांगावं लागतं. ऐकू येत नसेल तर तो घाबरतो, दचकतो. भूलतज्ज्ञ बाईंना लगेच पटलं. डाव्या कुशीवर झोपवणार, उजवा कान वर राहणार, मशीन राहू दे.

थिएटरच्या आतल्या दाराशी एका तरुण डॉक्टरने अण्णांना तीन गोष्टी विचारल्या. नाव काय? कुठला पाय? काय करणार आहोत आपण? उजव्या मांडीवर सकाळीच काढलेला जाड मार्करचा बाण त्याने बघून घेतला. हे प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीतले. यादी १९ मुद्द्यांची. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी अशी तीनदा थांबून म्हणायची. ती तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व अतुल गावंडे यांनीच केलं. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. त्या यादीचा अगदी पहिला मुद्दा पेशंटला विचारण्याचा आहे: स्वतःची ओळख, जागा, शस्त्रक्रिया आणि संमती. अण्णांनी तिन्ही उत्तरं शाळेत हजेरी द्यावी तशी खणखणीत दिली.

कमरेखालची भूल ही जर्मन सर्जन ऑगस्ट बीअर यांची देणगी. १८९८ च्या ऑगस्टमध्ये कील शहरात त्यांनी ती प्रथम वापरली. पेशंटना नंतर डोकेदुखी का होते हे समजून घ्यायला त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी तो प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. बधिर झालेल्या नडगीवर हातोडीचे घाव घातले, काही वाटलं नाही. नंतर मात्र दोघांनाही डोकेदुखीने दिवसच्या दिवस हैराण केलं. आजच्या सुया केसासारख्या बारीक, म्हणून ती डोकेदुखी क्वचित होते. पेशंटला काय सोसावं लागतं हे कळावं म्हणून ज्या माणसांनी स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्याविषयी आदर वाटतो.

दार बंद झालं की नातेवाईक घड्याळ लावतात. ‘तासाभराचं काम आहे’ असं सर्जननी सांगितलेलं असतं. दोन तास होतात, अडीच होतात, पोटात खड्डा पडतो. प्रत्यक्षात तो तास फक्त छेदापासून टाक्यांपर्यंतचा. त्याआधी आतल्या खोलीत थांबणं, दुखऱ्या पायाच्या नसांभोवती औषध देऊन वेदना कमी करणं, मणक्यातली भूल, ती चढण्याची वाट, कुशीवर नीट झोपवणं, निर्जंतुक कापडं. नंतर भूल उतरेपर्यंत रिकव्हरीत देखरेख. हे हिशेब आधीच सांगितले तर बाहेर बसलेल्या माणसांचे दीड-दोन तास नरकातून सुटतील. सांगायला दोन मिनिटं लागतात.

बाकांवर जागा नव्हती. लातूरहून आलेली एक सून भिंतीला टेकून बसली होती. सासऱ्यांची बायपास, पाचवा तास. एक मुलगा दर दहा मिनिटांनी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जाऊन जन आरोग्य योजनेची मंजुरी आली का विचारत होता, हातात रेशन कार्ड आणि आधारची झेरॉक्स. पेशंटसोबत आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा लागते, चूल लागते, हे गाडगे महाराजांना कळलं होतं; म्हणून मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. शाळेत न गेलेल्या त्या माणसाला जे दिसलं ते नव्या चकचकीत इमारतींचे नकाशे काढताना आजही दिसत नाही, याचा राग यायला हवा.

अकरानंतर आत गेलेले अण्णा सव्वादोनला बाहेर आले. ओठ कोरडे, डोळे उघडे. ‘आत नुसती ठोकाठोकी,’ ते म्हणाले, ‘सुतार बसल्यासारखी.’ एक आवाज त्यांनी भूलतज्ज्ञ बाईंना विचारून घेतला होता: बोटाला लावलेल्या चिमट्याचा टिकटिक आवाज. रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्याचा सूर खाली उतरतो, मग मला बघावंही लागत नाही, बाईंनी सांगितलं होतं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली शोधलेल्या तत्त्वावरचं हे यंत्र. अण्णांना आओयागी माहीत नव्हते, पण सूर उतरतो हे त्यांनी येता-जाता दोन नर्सना शिकवलं.

चारनंतर ते बिघडले. ‘तास संपला, घंटा दे,’ म्हणू लागले. सलाईनची नळी ओढायला लागले. मुलीला हाक मारली ती तिच्या आईच्या नावाने. आईला जाऊन सहा वर्षं झाली. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं हळूच म्हटलं. वयस्क माणसाला मोठ्या ऑपरेशननंतर अशी भ्रमावस्था येते, खुब्याच्या ऑपरेशननंतर तर बऱ्याचदा. वेदना, औषधं, अपुरी झोप, शरीरात पाणी कमी, परकी जागा, सगळं एकदम येतं. घरच्यांना हे आधी ठाऊक नसेल तर त्यांचा धीर सुटतो. खाटेला पेशंटचे हात बांधायची वेळ येते आणि त्याने तो आणखी बिथरतो.

यावर सोबतीला बसलेलं माणूस हाच मोठा उपाय आहे, हे अमेरिकेत येल विद्यापीठात शॅरन इनाये यांनी आकड्यांनी दाखवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मेडिसिन वॉर्डातले सत्तरीच्या पुढचे ८५२ पेशंट होते. निम्म्यांच्या बाबतीत वेगळं काय केलं? चष्मा आणि कानाचं मशीन वेळेवर दिलं, दिवस-वार-जागा सांगत राहिले, पाणी पाजलं, लवकर हालचाल करवली, रात्री गोंगाट कमी केला. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के पेशंट भ्रमात गेले, या गटात ९.९ टक्के. यात एकही महागडं औषध नाही.

रिकव्हरीत मशीन काढून डब्यात ठेवलं होतं. मुलीने ते लावलं, चष्मा पुसून चढवला, खिडकीचा पडदा सारला. ‘अण्णा, आज गुरुवार. आपण पुण्यात दवाखान्यात आहोत. खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं.’ थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा तेच. वाद घातला नाही, ‘आई कुठली आता’ असं म्हटलं नाही. सिस्टरनी दुखण्याचं औषध वेळेवर दिलं. तासाभराने हात नळीवरून हटला. रात्री पुन्हा असं होऊ शकतं, सिस्टरनी बजावलं, आणि नियम एकाच नातेवाइकाचा असला तरी रात्री मुलीला खाटेपाशीच थांबू दिलं.

आठला सर्जन राऊंडला आले. मुलीकडे वळून म्हणाले, ‘उद्या सकाळी फिजिओ येतील, यांना उभं करू.’ मग जरा थांबले, अण्णांकडे वळले, आवाज चढवला: ‘गुरुजी, उद्या उभं राहायचं. जमेल ना?’

‘जमेल. पण घरी सोडाल त्या दिवशी कमोड तयार पाहिजे. त्याची उंची किती?’

सर्जननी हाताने दाखवलं आणि मग आकडा सांगितला: बैठक जमिनीपासून किमान १८ इंच, बाजूला धरायला दांडी, फरशी खरबरीत. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर यायला नकोत. अण्णांनी मुलीला फोन लावायला सांगितला आणि कानाशी धरायला लावला. गावाकडे भाऊ होता. ‘गवंड्याला उद्याच बोलाव,’ अण्णा सांगत होते, ‘आणि दांडी उजव्या हाताला घे, डाव्या नाही. थांब, आधी लिहून घे.’